कावसजीची नासासंधान शस्त्रक्रिया

कावसजीची नासासंधान शस्त्रक्रिया ही इ.स. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ झालेली, कापलेले नाक पुन्हा घडवण्याची शस्त्रक्रिया होय. तिचे वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापले गेले. त्यातून युरोपातील आधुनिक प्लास्टिक सर्जरीला चालना मिळाली.

== पार्श्वभूमी ==
कावसजी हा शेतकरी जातीचा मराठा, तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकत असे. इ.स. १७९२ मध्ये तो टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. नाक कापणे ही केवळ इजा नसून जन्मभराची बेअब्रू समजली जाई. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला.

वीट पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने ही शस्त्रक्रिया केली. क्रूसो व फिंडले हे मुंबई इलाख्याचे इंग्रज शल्यचिकित्सक तेथे उपस्थित होते. चित्रकार जेम्स वेल्स याने कावसजीचे चित्र काढले. छापील वृत्तांतात रुग्णाचे नाव आहे; कारागिराचे नाही.

== पद्धत ==
खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून नाकाचा आकार घेतला जाई. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवीत व त्याभोवती रेघ आखीत. तेवढी त्वचा सोडवताना दोन भुवयांमधील अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली जाई, कारण नवी जोडणी पक्की होईपर्यंत रक्तपुरवठा तिच्यातूनच होई. खुंटाची कड तासून त्वचा पिळून खाली वळवीत व खाचेत बसवीत. टाके न घालता पाण्यात भिजवलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर लावून त्या एकावर एक बसवीत.

== रुग्णाचा अनुभव ==
त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजवीत. चार दिवसांनी काथ काढून तुपात भिजवलेले कापड लावीत. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाच्या वाती घालीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापून आकार सुधारला जाई. नवे नाक पक्के असून जवळजवळ नैसर्गिक दिसते व कपाळावरील व्रण कालांतराने फारसा जाणवत नाही, असे वृत्तांतात नमूद आहे.

== पूर्वपरंपरा व प्रसार ==
सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने माप घेऊन गालाच्या त्वचेपासून नाक सांधण्याची कृती आहे. सांधलेले नाक कमी पडल्यास वाढवावे, जास्त झाल्यास सारखे करावे, असेही तेथे सांगितले आहे. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू याने २३ ऑक्टोबर १८१४ रोजी भारतीय पद्धतीने पहिली शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला.

== आजची स्थिती ==
कर्करोगाने किंवा अपघाताने नाक गेल्यास आजही कपाळाची त्वचा वापरतात. जोडपट्टी साधारणतः तीन आठवड्यांनी कापतात. आकार टिकावा म्हणून आतून कूर्चेचा आधार व अस्तर देतात. हे नसल्यास त्वचा आकसते.

सौंदर्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत मूळ नाकाचीच हाडे व कूर्चा बदलतात. सुमारे आठवडाभर नाकावर आधारपट्टी असते. डोळ्यांभोवतीचा काळसरपणा बहुधा दोन आठवड्यांत ओसरतो. शेंड्याची सूज मात्र वर्षभर राहू शकते. त्यामुळे पहिल्या महिन्यातील आकार अंतिम मानला जात नाही. काही रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते.