पांडुरंगाचा पांडू झाला कसा?

आषाढी झाली. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेरच्या रांगेचे फोटो छापून आले, ‘प्रतिपंढरपूर’ हा शब्दही यथेच्छ वापरून झाला. त्या रांगेत कडेवरच्या पोरांना आईबाप ‘पांडुरंग हरी’ म्हणायला शिकवतात. पोरांची नावं मात्र आरव, विहान, अद्विक. त्यांत एखादा पांडुरंग सापडला तर नवलच.

नावाचा अर्थही सरळ नाही. पांडुरंग म्हणजे गोऱ्या अंगाचा, आणि विठोबा तर काळा कुळकुळीत! बाराव्या शतकातले जैन आचार्य हेमचंद्र हे नाव शंकराचं म्हणून देतात, याकडे रा. गो. भांडारकरांनी लक्ष वेधलं होतं. भस्म फासलेला शंकर गोरा, हे पटण्यासारखं आहे. मला मात्र रा. चिं. ढेरे जास्त पटतात. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात ते पंढरपूरच्या जुन्या कानडी नावापाशी जातात. गावाचं नाव ‘पंडरगे’. त्यावर संस्कृतची झूल चढली आणि पांडुरंग झाला. म्हणजे रंगाचा प्रश्नच मिटला. चाळीत एखाद्याला आयुष्यभर ‘राजापूरकर’ म्हणूनच हाक मारतात, तसा हा देव गावावरून ओळखला गेला.

गिरगावात या नावाचा एके काळी केवढा दबदबा होता! 1836 साली मराठीचं व्याकरण छापणारे दादोबा पांडुरंग आणि 1867 मध्ये प्रार्थना समाज स्थापणारे डॉ. आत्माराम पांडुरंग हे सख्खे भाऊ. आडनाव तर्खडकर, पण लोक ओळखायचे बापाच्या नावानं. मूर्तिपूजा न मानणाऱ्या समाजाच्या संस्थापकाच्या नावाला पांडुरंग चिकटलेला, हेही गमतीचंच.

पुढच्या पांडुरंगांचं मात्र उलटं झालं. मुळशी सत्याग्रहाचे पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. तुळशी पाइप रोडला आज त्यांचं नाव आहे, पण त्यात पांडुरंग नाही. पांडुरंग सदाशिव साने ‘गुरुजी’ झाले. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले. पांडुरंगाच्या दारात पांडुरंगच अडून बसला होता, हे कुणाच्या चटकन लक्षातही येत नाही. माधवबागेतले पांडुरंगशास्त्री आठवले लाखोंचे ‘दादा’. धर्मशास्त्राचा इतिहास लिहून 1963 मध्ये भारतरत्न मिळवणारे पांडुरंग वामन काणे ‘महामहोपाध्याय’. मोठा झाला की पांडुरंग आपलं नाव टाकतो, असा जणू नेमच!

मग उरला कोण? पांडू. 1975 मध्ये नायगावच्या दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ आला, आणि मुंबईत साध्या पोलीस शिपायाला ‘पांडू’ म्हणणं अंगवळणी पडलं. सगळं खापर दादांच्या हाफपँटवर फोडणं अन्याय होईल. देवादिकांची लांबलचक नावं तशीही मागे पडतच होती. पण तुकारामाचा तुका झाला तरी मान राहतो. पांडुरंगाचं तसं नाही. बारशाला आजीनं हे नाव सुचवलंच, तर सूनबाई लगेच म्हणते, ‘‘नको हो आई, शाळेत पांडू करतील त्याचा.’’ आणि करतीलच.

आता हे नाव गिरगाव-लालबागच्या दारांवरच्या पाट्यांवर मधल्या जागी दिसतं, बापाचं किंवा सासऱ्याचं म्हणून. तिथंही नवी पाटी करताना बऱ्याचदा नुसता ‘पां.’ उरतो.