होड्या शाकारल्यावर मालवणला जावं

जून लागला की मालवणला जाण्यात अर्थ नाही, असा सर्वसाधारण समज आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीसेवा बंद, तारकर्लीचं स्कूबा डायव्हिंग बंद. मग जायचं कशाला? उलट मला वाटतं, हंगामात आपण तिथं ज्याचा आस्वाद घेतो ते या बंद महिन्यांतच घडतं आणि ते पाहायला पावसाळ्यातच जायला हवं. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. समुद्र खवळलेला असतो, शिवाय अनेक माशांचा हा विणीचा काळ. आत्ता गाभोळीचे मासे ओढले तर दिवाळीत ताटात काय येणार? मालवणच्या दांडी किनाऱ्यावर होड्या वर ओढून, इंजिनं उतरवून, झाप घालून शाकारलेल्या दिसतात. पडवीत जाळं पसरलेलं असतं. फाटलेला भाग आधी कापून काढायचा, मग सुईत भरलेल्या दोऱ्यानं एकेक आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, पुन्हा विणायचा, गाठ ओढून पाहायची. एक आस सैल राहिला तर ओझ्यानं तिथूनच जाळं उसवतं. सुरमईच्या थाळीमागची ही मेहनत हंगामातल्या पर्यटकाच्या नजरेला पडतच नाही.

समुद्रात उतरता येत नाही, ही तक्रार खरी आहे. या दिवसांत उतरूही नये. पावसाळी लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि पुढे शांत लाटा ती परत आणून टाकतात, हे काठावरून पाहण्यातही पुष्कळ आहे. ताजी मासळी कमी मिळते, हेही खरं. पण एप्रिल-मेच्या उन्हात वाळवलेली सुकट याच दिवसांसाठी असते; तिची ओलं खोबरं घातलेली किसमूर आणि टाकळ्याची भाजी हे काही नाइलाजाचं जेवण नव्हे. खरा आक्षेप वेगळा आहे: वर्षभर राबणाऱ्यांना हे दोन महिने तरी उसंत नको का? हवीच. म्हणून थोड्यांनीच जावं, आधी विचारून जावं, ज्या घरी उतरू तिथं शिजेल ते खावं आणि बिगरहंगाम म्हणून दर पाडून मागू नयेत. घर उघडं ठेवायचं की नाही, हे घरच्यांनीच ठरवावं. जाळ्याची एकेक गाठ पाहिलेला माणूस पुढच्या हंगामात मासळीच्या भावावर घासाघीस करण्याआधी विचार करील. किनाऱ्याला असे पाहुणे हवे आहेत.