किनाऱ्यामागचं अलिबाग

शनिवारी सकाळी मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच भरून जातात. २०२० मध्ये रो-रो बोट सुरू झाल्यापासून मोटारीही समुद्रमार्गे येऊ लागल्या. आलेली मंडळी वरसोली, नागाव, किहीमला पांगतात आणि रविवारी परततात. अलिबाग गाव मात्र बहुतेकांचं पाहायचं राहूनच जातं.

हे गाव मुळात आरमाराचं. समोरच्या खडकावर शिवाजी महाराजांनी कुलाबा किल्ल्याचं काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्र्यांनी इथूनच कोकणच्या दर्यावर हुकमत गाजवली. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एक होऊन चालून आले, पण किल्ला त्यांच्या हाती लागला नाही. किनाऱ्यावरचा हिराकोट किल्लाही कान्होजींचाच. तिथे आता जिल्हा कारागृह आहे. आंग्र्यांचं राज्य १८४० च्या सुमारास खालसा झालं. गावाचा कोर्टकचेरीचा दबदबा मात्र टिकला, आजही रायगड जिल्ह्याचं मुख्यालय इथेच आहे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती इथली चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी मुंबईच्या कुलाब्याला होत. १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची नोंदही तिथे झाली. मग शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या विद्युतप्रवाहाने उपकरणांच्या नाजूक सुया ढळल्या असत्या. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला लोखंड टाळून नवी इमारत बांधली. काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि जुन्या-नव्या मोजमापांचा मेळ बसवला. त्यामुळे ही मालिका तुटली नाही. इतक्या जुन्या, सलग नोंदी जगात मोजक्याच ठिकाणी आहेत. ट्रामसाठी विज्ञानाचा बळी न देण्याचं हे शहाणपण मला फार मोठं वाटतं.

गावाबाहेरची शेतीही तितकीच मानी. जवळच्या चरी गावात १९३३ मध्ये खोतांविरुद्ध कुळांनी जमिनी कसणं थांबवलं आणि तो संप सहा वर्षं चालला. भातकापणीनंतर लावला जाणारा इथला पांढरा कांदा गोडसर असतो आणि माळा विणून विकला जातो. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण आता बंगल्यांच्या कुंपणांमुळे शेतं आक्रसत चालली आहेत, याची काळजी वाटते.

पुढच्या खेपेला अर्धा दिवस गावासाठी ठेवा. ओहोटीची वेळ आधी विचारून किल्ल्यावर चालत जा, कान्होजींच्या समाधीपाशी थांबा आणि कांद्याची माळ शेतकऱ्याकडूनच घ्या.