पोन्तेवेद्रा : रस्ता आधी चालणाऱ्याचा

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया नावाचा पावसाळी प्रदेश आहे. तिथे लेरेझ नदी समुद्राच्या खाडीला मिळते, त्या काठावर पोन्तेवेद्रा हे शहर वसलं आहे. लोकसंख्या सुमारे ८३ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या तालुक्याच्या गावाएवढी. जुनं गाव सगळं ग्रॅनाइटचं. भिंती ग्रॅनाइटच्या, घरांखालच्या कमानी ग्रॅनाइटच्या, पायाखालची फरशीही ग्रॅनाइटची. चौकांची नावं अजून जुन्या बाजारांचीच आहेत : लोहारांचा फेरेरिया, जळाऊ लाकडाचा लेन्या, भाजीचा वेर्दुरा. संध्याकाळी या चौकांत म्हातारी माणसं बाकांवर गप्पा मारत असतात, मुलं चेंडू खेळतात आणि आयांना दर मिनिटाला मुलांना मागे ओढावं लागत नाही. जगभरचे नगररचनाकार आणि महापौर गेली कित्येक वर्षं या छोट्या शहराच्या वाऱ्या करतात, ते यासाठीच.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी याच गावाकडे कुणी फिरकलं नसतं. शहरात जेवढी माणसं राहत, त्यापेक्षा जास्त गाड्या रोज शहरातून जात. एकट्या एका रस्त्यावरून दिवसाला १४ हजार गाड्यांची ये-जा होती. चौकांचे वाहनतळ झाले होते. मध्ययुगीन गल्ल्यांत अमली पदार्थांचा धंदा चाले. ज्यांना जमलं ते गाव सोडून गेले आणि जुन्या घरांना कुलपं लागली. शहराचा मध्यभाग ओस पडला की पुढारी बहुधा रस्तारुंदीचा किंवा उड्डाणपुलाचा आराखडा काढतात. इथे तसं झालं नाही.

१९९९ साली मिगेल आन्शो फेर्नांदेस लोरेस महापौर झाले. ते पेशाने डॉक्टर, गॅलिशियन राष्ट्रवादी पक्षाचे, आणि त्याआधी बरीच वर्षं विरोधी बाकांवर बसलेले. त्या काळात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शहराचा कसून विचार केला होता. त्यांच्या मांडणीचा गाभा साधा होता : रस्ता सार्वजनिक आहे आणि गाडी खासगी मालमत्ता. मग खासगी मालमत्तेने सार्वजनिक जागा दिवसभर अडवून का ठेवावी? म्हाताऱ्यांना आणि मुलांना रस्ता वापरता येत नसेल, तर तो कुणासाठी बांधला आहे? हे दोन प्रश्न कुठल्याही शहराच्या सभागृहात विचारता येतात. लोरेस यांनी ते विचारले आणि लगेच त्यावर कृतीही केली. सत्तेवर आल्यापासून महिन्याभरात जुन्या गावाचा तीन लाख चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे ७४ एकरांचा, सगळा भाग पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवला गेला. मला या निर्णयातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की त्यांनी एखादी गल्ली नमुना म्हणून निवडली नाही. गाडी शेजारच्या गल्लीत वळली की तिथे कोंडी होते आणि मग सगळे म्हणतात, बघा, प्रयोग फसला. इथे सगळा भाग एकदमच घेतल्यामुळे वळायला शेजारची गल्लीच उरली नाही.

पोन्तेवेद्राने गाडीवर बंदी घातली, असं अनेकदा लिहिलं जातं. ते खरं नाही. पालिकेने गाड्या दोन प्रकारांत विभागल्या : ज्यांचं मध्यभागात काम आहे त्या, आणि ज्यांचं नाही त्या. तिथे राहणाऱ्याला आपल्या घरच्या गॅरेजपर्यंत गाडी नेता येते. दुकानात माल उतरवणारा टेम्पो येतो, रुग्णवाहिका येते, अग्निशमनाचा बंब येतो, अपंग व्यक्तीची गाडी येते. मात्र काम संपलं की गाडीने निघायचं. अडवली गेली ती दुसऱ्या प्रकारची वाहतूक. शहर ओलांडून पलीकडे जाणारे मध्यभागाचा जवळची वाट म्हणून उपयोग करत होते. त्याहून मोठा लोंढा होता गाडी लावायला जागा शोधत त्याच चौकाला घिरट्या घालणाऱ्यांचा. रस्त्यावरची पार्किंगची जागा काढून टाकली आणि घिरट्या घालण्याचं कारणच संपलं. ज्यांना गाडी आणायचीच आहे त्यांच्यासाठी जमिनीखाली वाहनतळ आहेत, आणि शहराच्या कडेला दीड हजारांहून जास्त फुकट जागा आहेत. तिथे गाडी ठेवायची आणि चालत यायचं. शहरात शिरण्यासाठी शुल्क लावलं नाही, हेही मला महत्त्वाचं वाटतं. शुल्क लावलं की ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचा रस्ता मोकळा होतो. इथे तो सगळ्यांसाठी मोकळा झाला.

पुढे हीच पद्धत जुन्या गावाबाहेर, अठराव्या शतकात वाढलेल्या भागातही नेली. अनेक ठिकाणी सिग्नल काढून वाहतूक बेटं केली. मध्यवर्ती रस्त्यांवर फुटपाथ आणि रस्ता यांची पातळी एक केली. त्यामुळे चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, बाबागाडी ढकलणारी आई आणि काठी टेकत चालणारे आजोबा यांना चढ-उताराची अडचण राहिली नाही. जिथे गाड्या जातात तिथे रस्ता ओलांडण्याची जागा फुटपाथच्या उंचीवर आणली. चालणाऱ्याने खाली उतरायचं नाही, गाडीने वर चढायचं आणि त्यासाठी वेग कमी करायचा. शहराच्या बाकी भागात ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आली. ती पाळली जाते, कारण रस्त्याची रचनाच पळू देत नाही. नुसती पाटी लावून वेग कमी होत नाही, हे आपण रोज अनुभवतो.

इटलीतले बालशिक्षणतज्ज्ञ फ्रान्चेस्को तोनुच्ची यांचा या शहरावर मोठा प्रभाव आहे. त्यांनी १९९१ मध्ये फानो या गावात मुलांच्या नजरेतून शहर घडवण्याचा उपक्रम सुरू केला. जे शहर मुलाला सुरक्षित वाटतं ते सगळ्यांनाच सुरक्षित असतं, हा त्यांच्या कामाचा धागा. पोन्तेवेद्राने तो जसाच्या तसा उचलला. इथली बहुसंख्य लहान मुलं शाळेत चालत जातात, अनेक जण मोठ्या माणसाशिवाय. आईवडिलांना यासाठी धीर लागतो हे मान्य. पण हा धीर शहराने त्यांना रस्त्याच्या रूपाने बांधून दिला आहे.

आकडेही बोलके आहेत. ज्या रस्त्यांवर १९९६ ते २००६ या काळात अपघातांत ३० जणांचा जीव गेला होता, तिथे पुढच्या दशकात तिघांचा गेला. २००९ नंतर अनेक वर्षं तिथे एकही मृत्यू झाला नाही. मध्यभागातलं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. पूर्वी गाडीने होणाऱ्या फेऱ्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश आता पायी किंवा सायकलवर होतात. आजूबाजूची गावं रोडावत असताना इथल्या मध्यभागात १२ हजार नवे रहिवासी आले. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहत कार्यक्रमाचा दुबई पुरस्कार मिळाला. मला यांतला पहिला आकडा सगळ्यांत मोठा वाटतो. बाकीचे नसते तरी तेवढ्यासाठी हे सगळं करण्याजोगं होतं.

दुकानदारांचा विरोध झाला, तो होतोच. गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक कसं येणार, ही भीती कुठल्याही बाजारपेठेत ऐकू येते आणि ती खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण त्या माणसाचं घर त्या गल्ल्यावर चालतं. पालिकेने इथे आणखी एक गोष्ट केली, जिची चर्चा कमी होते : मोठ्या मॉलना परवानगी दिली नाही. गावाबाहेर मॉल आणि गावात मोकळा चौक अशी विभागणी झाली असती, तर चौक मोकळाच राहिला असता. आज गल्ल्यांतली छोटी दुकानं टिकून आहेत. रस्ते सुधारले की बाजार आपोआप सुधारतो असं मानणाऱ्यांनी हा भाग नीट पाहावा.

२०११ मध्ये पालिकेने ‘मेट्रोमिनुतो’ नावाचा नकाशा काढला. दिसायला भुयारी रेल्वेच्या नकाशासारखा, रंगीत रेघांचा. पण त्यावरची स्थानकं म्हणजे चौक, बाजार, रेल्वे स्टेशन, आणि रेघेवर लिहिलेली मिनिटं चालण्याची. चालणं हेही प्रवासाचं साधन आहे, हे इतक्या सोप्या रीतीने सांगणारा दुसरा नकाशा मला माहीत नाही. युरोपातल्या अनेक शहरांनी तो पुढे आपापल्या परीने काढला.

तक्रारी आहेतच. शहराच्या कडेच्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी कोंडी होते, पार्किंग कमी पडतं असं तिथले लोक म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. मध्यभागातून काढलेल्या गाड्यांतल्या काही नाहीशा झाल्या, काही नुसत्या कडेला सरकल्या. खाडीच्या काठावर कागदाच्या लगद्याचा मोठा कारखाना आहे आणि तो हलवण्यासाठी शहराचा लढा वर्षानुवर्षं चालू आहे. २०२३ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याची मुदतवाढ वैध ठरवली. रस्त्यांवरची हवा पालिकेला सुधारता आली; खाडीकाठच्या जमिनीचा निर्णय तिच्या हातात नव्हता. तरी लोकांनी लोरेस यांच्यावरचा विश्वास काढून घेतला नाही. २०२३ पर्यंतच्या प्रत्येक पालिका निवडणुकीनंतर महापौरपद त्यांच्याकडेच राहिलं.

पोर्तुगालहून सान्तियागोला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंचा मार्ग शहराच्या ऐन मध्यातून जातो. त्यांच्यासाठीच अठराव्या शतकात पेरेग्रिना हे गोलाकार देऊळ बांधलं गेलं. त्याचा आराखडा यात्रेची खूण असलेल्या शिंपल्याच्या आकाराचा आहे. त्याच चौकात रावाचोल नावाच्या पोपटाचा पुतळा आहे. एका औषधविक्रेत्याने पाळलेला हा वाचाळ पोपट १९१३ मध्ये मेला, तेव्हा गाव त्याच्या अंत्ययात्रेला लोटलं होतं, आणि आजही इथल्या कार्निव्हलची सांगता त्याच्या अंत्ययात्रेनेच होते. नदीतल्या बेटावर ग्रॅनाइटची शिल्पं मांडलेली आहेत, तिथेही चालतच जायचं. जाणाऱ्याने शक्यतो सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवार-शनिवारचा बेत आखावा. राजाने १४६७ मध्ये शहराला करमुक्त बाजार भरवण्याचा हक्क दिला होता, त्याची आठवण म्हणून तेव्हा ‘फेइरा फ्रांका’ जत्रा भरते. लोक मध्ययुगीन कपडे घालून रस्त्यांवर मेजं मांडतात आणि आख्खं गाव तिथेच जेवायला बसतं.