प्लास्टिकचं गांडूळ आणि उल्हासचे मासे

रबरी गांडुळांच्या पाकिटावर पाण्याबाहेर उसळलेल्या, जबडा वासलेल्या बास माशाचं चित्र असतं. ते पाहून बदलापूरच्या बेलवलीचा एखादा हौशी पोरगा उल्हास नदीच्या काठी उभा राहतो, हात दुखेपर्यंत रॉड फिरवतो आणि संध्याकाळी ‘नदीत मासाच उरला नाही’ असा निकाल देऊन घरी जातो. मासा आहे. चित्रातला तेवढा नाही.

लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा मासा. तो उल्हासच्या माशांपैकी नाही. हॉटेलात ‘बासा’ म्हणून बिनकाट्याचे पांढरे तुकडे ताटात येतात, त्यांचाही त्याच्याशी संबंध नाही. बासा म्हणजे मेकाँग खोऱ्यातला पंगास, आपल्या शिंगाळ्यासारखा मिशांचा मासा. नावापुरतं नातं जोडायचंच तर अलिबाग-पेणकडच्या जिताड्याशी जोडता येईल. त्याला इंग्रजीत ‘एशियन सी-बास’ म्हणतात. पण तो खाडीचा. अंडी घालायला त्याला खारं पाणी लागतं आणि भरती काही बेलवलीपर्यंत चढत नाही.

दुसरी पक्की समजूत अशी, की प्लास्टिकचं गांडूळ हुबेहूब खऱ्यासारखं दिसतं म्हणून मासा फसतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रनला राहणाऱ्या निक क्रीम यांनी 1949 च्या सुमारास मऊ प्लास्टिकचं गांडूळ बनवलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर खरं गांडूळच होतं. पुढे मात्र खपायला लागली ती जांभळी, काळी, चमकी घातलेली गांडुळं. जांभळं, चमचमणारं गांडूळ कुठल्या उकिरड्यात सापडतं? तरी मासा त्यावर तुटून पडतो, कारण तो हालचालीवर येतो. माशाच्या दोन्ही अंगांना पार्श्वरेषा असते. पाण्यातली बारीक थरथरही तिला जाणवते, मग पाणी गढूळ असो की अंधार पडलेला असो.

आपल्याकडची जुनी पद्धत नेमकी याच्या उलट चालते. तंगुसाला गळ, वर थोडं शिसं, त्याच्याही वर थर्माकोलचा तुकडा, आणि गळावर शेणखतातून काढलेलं जिवंत गांडूळ. एकदा टाकलं की हलवायचं नाही. शिंगाळा मिशांनी तळ चाचपत येतो, वाम चिखलातून वासावर येते. इथे सगळं काम वासाचं. म्हणून प्लास्टिकचं गांडूळ त्याच पद्धतीने टाकून बिडी ओढत बसलं, तर दिवस वाया जाणारच. ते रॉडचं टोक उचलून, सोडून, पुन्हा उचलून चालतं ठेवावं लागतं. बहुतेक वेळा मासा ते खाली पडत असतानाच धरतो. मीठ किंवा वासाचं तेल घातलेली पाकिटंही मिळतात. त्यामुळे मासा ते तोंडात जरा जास्त वेळ धरतो, असं विकणारे म्हणतात. शिंगाळ्याला त्याने भुरळ पडेल अशी आशा मी तरी धरणार नाही. रोहू आणि कटला तर या वाटेला जातच नाहीत. त्यांना कणकेचा, पेंडीचा गोळा लागतो. पवई तलावावरचे जुने गळवाले उगाच पिठात हात घालून बसत नाहीत.

मग हे गांडूळ इथे घेतं कोण? मुख्यतः मरळ. ती शिकारी आहे, दबा धरून बसते, आणि जलपर्णीखाली बसायला तिला फार आवडतं. मरळ वर येऊन हवा घेते, त्यामुळे जिथे बाकीच्या माशांचा जीव गुदमरेल अशा साचलेल्या पाण्यातही ती तगते. बदलापूरपासून कल्याणपर्यंत उल्हासवर जलपर्णी पसरते, आणि तिथेच ‘टेक्सास रिग’ ही गळाची बांधणी कामाला येते. तंगुसात आधी गोळीच्या आकाराचं टोकदार शिसं ओवायचं, मग गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात अर्धा सेंटीमीटर घालून बाजूने बाहेर काढायचं, गळ फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात पुरायचं. गांडूळ सरळ लोंबलं पाहिजे. जरा चुरगळलं की पाण्यात गरगरतं आणि दोरीला पीळ पडतो.

गळाचं टोक पुरायचं ते माशाला दिसू नये म्हणून, असं सर्रास सांगतात. तसं नाही. ते जलपर्णीच्या मुळांत अडकू नये म्हणून पुरतात. त्याचा परिणाम असा, की मासा ओढतोय असं वाटल्यावर हलका झटका पुरत नाही. आधी प्लास्टिक फाटून टोक बाहेर यायला हवं, मग मरळीच्या कडक जबड्यात रुतायला हवं. कॅरोलिना रिगमध्ये शिसं गांडुळापासून दूर असतं, वॅकीमध्ये गळ गांडुळाच्या मधोमध. दोन्ही मोकळ्या पाण्याची कामं, जलपर्णीत त्यांचा उपयोग नाही.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा घोळका दिसला, की त्यात गांडूळ टाकायचं, मरळ हमखास घेते. हे खरं आहे. ‘भुकेलेली असते’ हे कारण मात्र खोटं. पिलांच्या खाली आई-बाप राखण करत असतात आणि जवळ आलेल्या प्रत्येक गोष्टीवर धावून जातात. मोठी मरळ काढली की घोळका बाकीच्या माशांच्या तोंडी जातो. ही शिकार मला तरी मर्दुमकीची वाटत नाही.

‘खरी गांडुळं मारत नाही, म्हणजे निसर्गाचं भलंच करतो,’ असंही ऐकू येतं. ‘रबरी’ म्हणतात ते बहुधा रबर नसतंच, तर रसायनाने मऊ केलेलं पीव्हीसी असतं. खरं गांडूळ दोन दिवसांत कुजतं, हे वर्षानुवर्षं तळाशी पडून राहतं. ब्रुक ट्राउट माशांवरच्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात माशांनी असले तुकडे आपणहून गिळले आणि त्यांच्या वाढीवर परिणाम झाला. तुटलेली गांडुळं घरी वितळवून नवी ओतण्याची युक्तीही सांगतात. पीव्हीसी जास्त तापलं की घातक वाफा निघतात, तेव्हा निदान स्वयंपाकघरात तरी तो उद्योग नको.

राहिला कायदा. 1 जून ते 31 जुलै ही राज्याची मासेमारीबंदी समुद्रातल्या यांत्रिक होड्यांसाठी आहे, नदीकाठच्या गळासाठी नाही. म्हणून कुठेही गळ टाकावा असंही नाही. बारवी धरण एमआयडीसीचं आहे, तिथे आधी परवानगीचं विचारावं. स्फोटकं टाकून किंवा विष कालवून मासे मारणं मात्र 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे, आणि तो बारा महिने.