दुखणे थांबले, पण स्नायू तयार आहे का?

पोलीस भरतीची जाहिरात आली की परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या मैदानांवर फजरनंतर गर्दी वाढते. त्यात आपल्या घरांतील मुले असतात, आता मुलीही दिसू लागल्या आहेत. शिपाईपदाची मैदानी चाचणी 50 गुणांची असते: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय दोघांनाही 100 मीटर धावणे आणि गोळाफेक. एकेका गुणावर नोकरी अडते. अशा वेळी मांडीच्या मागे लचक भरली की घरभर काळजी पसरते. आठ-दहा दिवस मालिश, गोळ्या आणि विश्रांती होते. दुखणे थांबते, मुलगा मैदानावर जातो आणि त्याच जागी पुन्हा लचक भरते.

हे नशिबाचे नव्हे, स्नायूचे गणित आहे. मांडीच्या मागच्या स्नायूंना हॅमस्ट्रिंग म्हणतात. पूर्ण वेगात पाय पुढे फेकला जातो, तेव्हा त्याला आवरण्याचे काम हे स्नायू करतात. त्या क्षणी ते ताणलेलेही असतात आणि जोरही लावत असतात. तंतू फाटतात ते बहुधा तेव्हाच. विश्रांतीने वेदना जाते, पण गेलेली ताकद परत येत नाही. उलट पडून राहिल्याने आणखी घटते. म्हणूनच एकदा दुखावलेला स्नायू पुन्हा दुखावण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, विशेषतः मैदानावर परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत.

मोठे खेळाडूही यातून सुटलेले नाहीत. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान जुलै 2011 मध्ये लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्याच दिवशी हॅमस्ट्रिंग दुखावून मैदानाबाहेर गेला. पुढे घोट्याची शस्त्रक्रियाही झाली. तो पुन्हा कसोटी खेळला तो डिसेंबरमध्ये, मेलबर्नला. कसोटीत 311 बळी घेणाऱ्या गोलंदाजाला पाच महिने थांबावे लागले, तर आपल्या मुलाने दहा दिवसांत धावावे हा आग्रह कशासाठी?

पहिले दोन-तीन दिवस जोराची मालिश आणि शेक टाळावा. आत रक्तस्राव असेल तर तो वाढतो. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. ‘कट्’ असा आवाज झाला असेल, मोठा काळा-निळा डाग पडला असेल, पायावर भार देता येत नसेल, पाय बधिर होत असेल किंवा पोटरी सुजून गरम लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. परभणीच्या शासकीय रुग्णालयात अस्थिरोग तज्ज्ञांना भेटून तिथेच फिजिओथेरपीची चौकशी करता येते.

फिजिओथेरपिस्ट निवडताना पाटीपेक्षा पदवी पाहावी. बीपीटी ही पदवी आजवर प्रशिक्षणासह साडेचार वर्षांची राहिली आहे. एमपीटी आणखी दोन वर्षांची असून त्यात क्रीडा हा स्वतंत्र विषय घेता येतो. राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नये. जवळ क्रीडातज्ज्ञ नसेल, तर छत्रपती संभाजीनगरला एमजीएमचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. परभणीहून थेट रेल्वे आहे. तिथे एकदा सविस्तर तपासणी करून व्यायाम लिहून घ्यावेत आणि पुढचे काम गावातल्या फिजिओकडे करावे. रोजच्या चकरा वाचतात, खर्चही आवाक्यात राहतो.

चांगला फिजिओ पहिल्याच भेटीत ओळखता येतो. लचक किती वेळा भरली, कशी भरली, सराव किती होता, हे तो विचारतो. दोन्ही पायांची ताकद आणि ताण मोजून तुलना करतो. कंबरही तपासतो, कारण कधी कधी मांडीतली कळ कंबरेतल्या शिरेची असते. नुसते मशीन लावून झोपवून ठेवणारा, दहा दिवसांचे पैसे आधी मागणारा आणि घरी करायचा व्यायाम न देणारा उपचार पुरेसा नाही. आपण त्याला एकच प्रश्न विचारावा: “मुलगा पुन्हा पूर्ण वेगात कधी धावेल, हे आपण कशावरून ठरवाल?” उत्तर नुसते “तीन आठवड्यांनी” असे आले तर दुसरीकडे जावे. “दोन्ही पायांची ताकद सारखी झाली, पूर्ण ताण देऊन दुखले नाही आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवूनही त्रास झाला नाही, तर” असे आले, तर माणूस योग्य आहे.

बरे झाल्यावरही व्यायाम सोडू नये. गुडघ्यावर बसून, घोटे कोणाकडून तरी धरून घेऊन, शरीर हळूहळू पुढे झुकवण्याच्या ‘नॉर्डिक’ व्यायामाने फुटबॉलपटूंमधील हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे निम्म्यावर आल्याचे अभ्यासांत दिसले आहे. त्याला ना मशीन लागते, ना पैसा. मात्र दुखापत ताजी असताना तो करू नये. कधी सुरू करायचा ते फिजिओच सांगेल.

मुलींच्या बाबतीत अनेक घरे संकोचाने उपचारच टाळतात. या व्यवसायात महिला मोठ्या संख्येने आहेत; आधी फोन करून महिला फिजिओची वेळ घ्यावी, सैल सलवार घालावी, आईने सोबत बसावे. रुकूत मांडीचा मागचा भाग ताणला जातो. ताज्या दुखापतीत त्रास होत असेल तर आजाऱ्याला बसून नमाज पढण्याची सवलत आहेच. रमजानमध्ये जोराचा व्यायाम इफ्तारनंतर ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ. बरीच मुले वर्षभर लांब पल्ला धावतात आणि जाहिरात आल्यावर एकदम 100 मीटरचा वेग काढू लागतात. तो वेग महिनोन्‌महिने आधीपासून, थोडा थोडा वाढवावा. आणि लचक दुसऱ्यांदा भरली, तर तिसरीची वाट न पाहता मुलाला तपासायला न्यावे.