सातवा, आठवा आणि आठवड्यांचा हिशेब

सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असे वऱ्हाडातल्या जुन्या बायका अजूनही सांगतात. हा समज केवळ आपल्याकडचा नाही. हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक वैद्यकग्रंथांतही तो आहे. पण तो खरा नाही. पोटात काढलेला जवळजवळ प्रत्येक जादा आठवडा बाळाला बळच देतो.

मग बाळ बाहेर जगू शकते ते कधीपासून? डॉक्टर महिने मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. पूर्ण दिवस भरतात ४० आठवड्यांनी. उत्तम सोयी असलेल्या ठिकाणी २२ ते २४ आठवड्यांची काही बाळे वाचतात. अमेरिकेत अलाबामा राज्यात २०२० साली २१ आठवडे १ दिवसाचे, ४२० ग्रॅम वजनाचे बाळ जगले. पण तो तेव्हाचा विक्रम होता, नियम नव्हे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी आलेली २४ आठवड्यांची मर्यादाही वेगळीच गोष्ट. तो कायद्याचा आकडा आहे, फुफ्फुसांचा नाही.

अडते ते मुख्यतः फुफ्फुसांपाशी. फुफ्फुसांतले इवले फुगे श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत म्हणून शरीर सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ तयार करते. तो साधारण २४ आठवड्यांच्या सुमारास बनू लागतो आणि पुरेसा होतो ३४-३५ आठवड्यांना. १९६३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे साडेचौतीस आठवड्यांचे, दोन किलोहून जास्त वजनाचे बाळ याच कमतरतेने ३९ तासांत गेले. सत्ता, पैसा, डॉक्टर, सारे हाताशी असताना. आज एवढ्या दिवसांची बहुतेक बाळे वाचतात.

हा फरक पाडणाऱ्या उपायांपैकी एक अगदी स्वस्त आहे. न्यूझीलंडचे लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवले, की अकाली कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुफ्फुसे लवकर पिकतात. लिगिन्स यांना हे आधी मेंढ्यांवरच्या प्रयोगांत दिसले होते. आपल्याकडे डेक्सामेथासोनचे चार डोस बारा-बारा तासांनी देतात.

पण इंजेक्शन दिले की काम झाले, असे नाही. नागपूर आणि बेळगाव परिसराचा सहभाग असलेल्या, सहा देशांतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली आले. गावपातळीवर इंजेक्शनांचा वापर वाढवूनही कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत; एकूण नवजात मृत्यू तर किंचित वाढले. पुढे २०२० साली बेळगावसह पाच देशांतल्या रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे नीट ठरवून आणि बाळाची काळजी घेण्याची सोय पाहून तेच औषध दिले, तेव्हा मृत्यू कमी झाले. औषध तेच, भोवतालची व्यवस्था वेगळी.

म्हणून धारणीच्या बाळाची गोष्ट अकोला शहरातल्या बाळासारखी नसते. लेडी हार्डिंग रुग्णालय अकोलेकरांच्या दारात आहे. धारणीहून अमरावतीचे डफरीन सुमारे दीडशे किलोमीटर, तेही मेळघाटातल्या घाटवळणांनी. त्या रस्त्यावर गाडीत जन्मलेल्या तीस आठवड्यांच्या बाळापुढे पहिला शत्रू असतो गारठा. त्यापेक्षा कळा सुरू होताच आईलाच मोठ्या रुग्णालयात हलवणे बरे. तिच्या पोटाइतके उबदार वाहन दुसरे नाही. बाळ झालेच, तर त्याला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यायचे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस, काचपेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झालेली ही 'कांगारू' पद्धत आज जगभर वापरात आहे. आई थकली असेल तर बाप किंवा आजीही ते करू शकते.

या सगळ्याला आधी आठवडे माहीत हवेत. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत ते पाच-सात दिवसांच्या फरकाने कळतात. शेवटच्या महिन्यांत केलेल्या तपासणीत हाच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. पाळीची तारीख आठवत नसेल तर पोळा, दिवाळी, पेरणी यांच्या आगेमागे विचारून अंदाज बांधता येतो. आशाताईंकडे पहिल्याच भेटीत ती तारीख लिहून घ्यावी. २८ आणि ३२ आठवड्यांतला फरक डोळ्यांनी पोट पाहून कळत नाही.